जलप्रवासाचा विमा : निराळा कीं नेहमींचा?

मनमाडसारख्या रेल्वेच्या गांवीं समुद्रप्रवासाची गोष्ट निघाली म्हणजे घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना अजूनहि पहिली आठवण होते ती 'रामदास' बोटीची. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही आगबोट वादळी वाऱ्यापावसांत कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. ती बातमी प्रत्यक्ष ऐकलेलीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. पण आठवण मात्र पुढल्या पिढ्यांकडे चालत आली आहे, आणि तिच्याबरोबर एक समजूतहि. ती समजूत अशी कीं, बोटीच्या प्रवासाचा विमा म्हणजे बोट बुडण्याचा विमा. नातू मुंबई-गोवा सफरीचीं तिकिटें काढूं लागला कीं आजोबा विचारतात, "अरे, विमा घेतलास ना?" आणि नातू "घेतला, घेतला" म्हणून वेळ मारून नेतो. कोणता घेतला, कशाविरुद्ध घेतला, हें दोघांनाहि नीटसें ठाऊक नसतें.

सांप्रतच्या मोठ्या प्रवासी बोटींना अपघात होतच नाहींत असें नव्हे. १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही बोट खडकावर आपटून आडवी झाली. तींत चार हजारांहून अधिक माणसें होतीं, आणि त्यांपैकीं ३२ जणांना प्राण गमवावे लागले. तथापि असे प्रसंग विरळा. ज्या कारणांनीं प्रवाशाचा पैसा खरोखर बुडतो तीं कारणें फार साधीं आहेत : बोट गांठतां न येणें, बोटीवर आजारी पडणें, निघण्यापूर्वीं घरांत अडचण येणें, आणि बोटीनें ठरलेलें बंदर न घेणें. जलसफरीचा, म्हणजे हल्लीं ज्याला सर्रास क्रूझचा म्हणतात तो, निराळा विमा घ्यावा कीं नेहमींचा प्रवास-विमा पुरे, या प्रश्नाचें उत्तर या चार गोष्टींत शोधलें पाहिजे. विमापत्रावर छापलेल्या बोटीच्या चित्रावरून तें मिळत नाहीं.

विम्याची कल्पना समुद्रावरच वाढली. लंडनमध्यें सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉईड याच्या कॉफीगृहांत बसून व्यापारी लोक जहाजांचे व मालाचे विमे उतरीत. परंतु तो विमा लांकडी सांगाड्याचा आणि त्याच्या पोटांतील गांठोड्यांचा होता. वर बसलेल्या उतारूचा नव्हे. उतारूचा विमा आणला तो रेल्वेनें. इंग्लंडांत १८४९ च्या सुमारास 'रेल्वे पॅसेंजर्स अशुअरन्स कंपनी'नें स्टेशनाच्या खिडकीवर तिकिटाबरोबरच विमा विकण्यास आरंभ केला. तीन पेन्सांत पहिल्या वर्गाच्या उतारूचा एक हजार पौंडांचा आणि एका पेनींत तिसऱ्या वर्गाच्या उतारूचा दोनशें पौंडांचा विमा उतरे. जिवाचें मोल वर्गाप्रमाणें बदलतें, ही गोष्ट तेव्हां कोणास खटकली नसावी.

हीच तऱ्हा मनमाडच्या माणसाला आज पंचेचाळीस पैशांच्या रूपानें परिचित आहे. रेल्वेचें इ-तिकीट काढतांना विमा हवा कीं नको, असा प्रश्न येतो. १ सप्टेंबर २०१६ पासून ही सोय सुरू झाली; तेव्हां दर माणशीं ९२ पैसे पडत, पुढें तो दर बदलत ४५ पैशांवर आला. निश्चित झालेल्या किंवा आर. ए. सी.च्या तिकिटावर हा विमा मिळतो. गाडीला अपघात होऊन मृत्यु आला अथवा कायमचें पूर्ण अपंगत्व आलें तर दहा लाख रुपये, कायमचें अंशतः अपंगत्व आल्यास साडेसात लाखांपर्यंत, आणि इस्पितळाच्या खर्चासाठीं दोन लाखांपर्यंत रक्कम त्यांत ठरलेली आहे. याशिवाय १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणें अपघाताची भरपाई रेल्वेकडून निराळी मागतां येते. मृत्यूच्या बाबतींत तिची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख रुपये आहे, आणि ती मिळण्यासाठीं रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाहीं. पंचेचाळीस पैशांत याहून स्वस्त सौदा दुसरा नाहीं, आणि ती खूण न करतां पुढें जाणाऱ्याला शहाणा म्हणतां येणार नाहीं.

पण घोटाळा येथूनच सुरू होतो. हा विमा अपघाताचा आहे, उशिराचा नव्हे. गाडी पांच तास उशिरा पोंचली आणि त्यामुळें पुढचें कांहीं हुकलें, तर या विम्यांतून एक पैहि मिळत नाहीं. चढण्याच्या स्टेशनावर गाडीला तीन तासांहून अधिक उशीर झाला आणि उतारूनें प्रवासच केला नाहीं, तर रेल्वे भाडें परत करते. तेंहि गाडीचेंच भाडें. समोर हुकलेली गोष्ट दुसरी गाडी असेल तर माणूस फलाटावर बसून राहतो आणि तिसरी पकडतो. ती गोष्ट बोट असेल तर?

मनमाडहून मुंबई सुमारें २६० किलोमीटर. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटणाऱ्या सफरीची बोट साधारणपणें दुपारनंतर किंवा सायंकाळीं धक्का सोडते. परंतु सामानाची व कागदपत्रांची तपासणी कित्येक तास आधीं सुरू होते, आणि बोट हलण्यापूर्वीं तास-दीड तास दरवाजा बंद होतो. तो बंद झाला म्हणजे झाला. बंदरांत जागेचें भाडें, वाटाड्याची वेळ आणि भरती-ओहोटीचें गणित यांनीं बांधलेली बोट चार उतारूंसाठीं थांबत नाहीं. गोव्याला जाऊन तेथें बोट गांठूं म्हणावें, तर बहुधा ती परवानगी मिळत नाहीं, आणि दोन रात्रींच्या सफरींतील एक रात्र तर गेलेलीच असते. म्हणजे मनमाडच्या कुटुंबाच्या दृष्टीनें या संबंध प्रवासांतील सर्वांत कच्चा दुवा समुद्रावर नाहींच. तो कसाऱ्याच्या घाटांत आहे.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईकडे येणारे लोहमार्ग बंद पडले, हें सर्वांच्या स्मरणांत आहे. जुलै २०२१ मध्यें कसारा-इगतपुरीच्या बाजूला अतिवृष्टीनें गाड्या पुन्हां अडकून पडल्या. हिंवाळ्यांत तऱ्हा निराळी. मनमाडला आकाश निरभ्र असतें, पण दिल्ली आणि उत्तर प्रदेशाकडून येणाऱ्या गाड्या तिकडच्या धुक्यांत सांपडून कित्येक तास उशिरा येतात. आणि मुंबईहून निघणाऱ्या सफरींचा हंगाम नेमका पावसाळा संपल्यानंतरचा, हिंवाळ्याचा असतो. म्हणून बोट गांठावयाची असेल त्यानें उत्तरेकडून येणाऱ्या गाडीवर विसंबूं नये. १ नोव्हेंबर १९७५ रोजीं सुरू झालेली पंचवटी एक्सप्रेस मनमाडहूनच सुटते व दुपारपूर्वीं मुंबईला पोंचते, हा या गांवाला लाभलेला एक फायदाच आहे. त्याहून सुरक्षित म्हणजे आदल्या दिवशीं मुंबईंत एखाद्या नातलगाकडे मुक्काम करणें. हा विमा कोणतीहि कंपनी विकत नाहीं. त्याचा हप्ता म्हणजे मावशीसाठीं नेलेली कांद्याची पिशवी.

आतां दोन प्रकारच्या विम्यांचा भेद येथें कसा दिसतो तें पाहावें. बोटीची कंपनी किंवा तिचा दलाल तिकिटाबरोबर जो सफरीचा विमा देऊं करतो, तो बहुधा त्या कंपनीकडून विकत घेतलेल्या भागापुरताच असतो. धक्क्यापासून धक्क्यापर्यंत त्याचें राज्य. रेल्वेचें तिकीट प्रवाशानें स्वतः काढलें असेल तर मनमाड ते मुंबई हा टप्पा त्या विम्याच्या दृष्टीनें अस्तित्वांतच नाहीं. नेहमींचा प्रवास-विमा घरापासून घरापर्यंत चालतो असें सांगितलें जातें, आणि पुष्कळ वेळां तें खरेंहि असतें. परंतु त्यांतील 'पुढचा प्रवास हुकणें' हें कलम पाहिलें म्हणजे कित्येक विमापत्रांत तेथें केवळ विमानाचा उल्लेख आढळतो. विमान उशिरा आल्यामुळें पुढचें विमान हुकलें तर भरपाई. रेल्वे उशिरा आल्यामुळें बोट हुकली तर नाहीं. दोन्ही विमे हातांत असतांना नुकसान मधल्या फटींतून खालीं पडावें, असा हा प्रकार. म्हणून मनमाडच्या गिऱ्हाइकानें विकणाऱ्याला विचारावयाचा पहिला प्रश्न बोटीविषयीं नसून रेल्वेविषयीं असावा : गाडीच्या उशिरामुळें बोट हुकल्यास पैसे मिळतील काय, किती तासांच्या उशिरावर मिळतील, आणि तें कोणत्या कलमांत लिहिलें आहे?

दुसरी गोष्ट आजाराची. ही पहिलीपेक्षां अधिक गंभीर आहे, कारण बोट हुकली तर तिकिटाचे पैसे जातात. आजारपणांत किती जाईल याला मर्यादा नसते. मोठ्या सफरीच्या बोटीवर लहानसा दवाखाना असतो, डॉक्टर असतो, परिचारिका असतात. तपासणी, औषध, सलाईन यांचे पैसे उतारूच्या खोलीच्या खात्यावर मांडले जातात आणि उतरण्यापूर्वीं ते चुकते करावे लागतात. परदेशी सफरींत हें बिल डॉलरांत येतें. येथें 'कॅशलेस' हा शब्द विसरावा. आधीं भरावें, पावती सांभाळावी, मग घरीं येऊन विमा-कंपनीकडे मागावें, असा क्रम असतो. बोट लागणें, न्हाणीघरांत पाय घसरणें, साखर उतरणें ही झालीं किरकोळ दुखणीं. हृदयविकाराचा झटका आला तर बोटीवरचा डॉक्टर रोग्याला तात्पुरता सांवरतो, आणि मग प्रश्न येतो तो त्याला किनाऱ्यावर नेण्याचा. हेलिकॉप्टर मागवावें लागलें, किंवा परक्या बंदरांत उतरवून तेथील इस्पितळांत ठेवावें लागलें व तेथून परिचारिकेसह विमानानें घरीं आणावें लागलें, तर हा खर्च हजारों डॉलरांच्या घरांत जातो. सफरीच्या संपूर्ण भाड्याच्या कित्येक पट.

मनमाडांत रेल्वेच्या सेवेंतून निवृत्त झालेलीं कुटुंबें पुष्कळ आहेत. त्यांच्या हातीं रेल्वेचें वैद्यकीय कार्ड असतें, आणि भुसावळच्या रेल्वे रुग्णालयाचा आधार त्यांना मोठा वाटतो, तो योग्यहि आहे. पण बोटीवरील डॉक्टर तें कार्ड पाहून बिल माफ करीत नाहीं. ज्यांच्याकडे खासगी आरोग्य-विमा आहे त्यांचीहि स्थिति फारशी निराळी नसते; आपल्याकडील बहुतेक साधे आरोग्य-विमे भारताच्या हद्दींतील उपचारांपुरते असतात. आणि हद्द म्हणजे काय, हा प्रश्न जमिनीवर कधीं पडत नसला तरी समुद्रावर पडतो. देशाची सागरी सीमा किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारें बावीस किलोमीटर आहे. मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणारी बोट ती सीमा ओलांडूं शकते. दोन्ही टोकें भारतांत असलेल्या सफरींतहि मधलें पाणी विमापत्राच्या व्याख्येंत बसतें कीं नाहीं, हें कंपनीकडून लेखी विचारून घेतलेलें बरें. तोंडी "हो हो, चालतें" याला भरपाईच्या वेळीं किंमत नसते.

नेहमींच्या परदेश-प्रवासाच्या विम्यांत आजारपणाचें संरक्षण हाच मुख्य भाग असतो, आणि बहुतेक चांगल्या विमापत्रांत तें बोटीवरहि चालतें. त्यामुळें केवळ आजाराच्या भीतीनें सफरीचा खास विमा घेण्याची गरज प्रत्येकाला असते असें नाहीं. पाहावयाचें तें दोन आंकड्यांकडे : उपचारांची कमाल रक्कम किती, आणि रोग्याला हलविण्याचा खर्च तिच्यांतच धरला आहे कीं निराळा. बोटीच्या कंपन्या जो स्वतःचा विमा विकतात त्यांत हे आंकडे पुष्कळदां लहान असतात. घरांत साठी उलटलेलें माणूस असेल तर ही उणीव क्षुल्लक नव्हे. मधुमेह, रक्तदाब, पूर्वीं झालेली हृदयाची शस्त्रक्रिया यांची माहिती अर्जांत लपवूं नये. लपविल्यानें हप्ता थोडा वांचतो आणि भरपाई मात्र पुरती जाते. आधींच्या दुखण्यासाठीं बहुतेक विमापत्रें जीव वांचविण्यापुरताच खर्च देतात, हेंहि ध्यानांत असावें.

तिसरी गोष्ट सांथीची. ती आठ-दहा वर्षांपूर्वीं कोणी विचारांतहि घेतली नसती. फेब्रुवारी २०२० मध्यें जपानच्या योकोहामा बंदरांत 'डायमंड प्रिन्सेस' ही बोट अडकून पडली. बोटीवर ३,७११ माणसें होतीं. त्यांत १३८ भारतीय, आणि त्यांतीलहि बहुतेक सगळे नोकरीवरचे खलाशी व आचारी-वाढपी. सातशेंहून अधिक जणांना करोनाची बाधा झाली. शेवटीं २७ फेब्रुवारीला खास विमानानें ११९ भारतीयांना परत आणण्यांत आलें. पुढें जानेवारी २०२२ च्या आरंभीं मुंबईहून गोव्याला गेलेल्या एका प्रवासी बोटीवर सुमारें दोन हजार माणसांची तपासणी झाली, ६६ जण बाधित निघाले आणि बोट मुंबईला परत धाडण्यांत आली. अशा वेळीं उतारूचें जें नुकसान होतें त्याला नेहमींच्या विम्यांत पुष्कळदां नांवच नसतें. तो जखमी नसतो, कदाचित् आजारीहि नसतो. तो आपल्या खोलींत कोंडलेला असतो. सफरीच्या खास विम्यांत मात्र 'खोलींत सक्तीनें राहावें लागणें' असें कलम असतें आणि दर दिवसामागें ठराविक रक्कम मिळते. रक्कम मोठी नसते. पण कलम आहे, एवढें खरें.

तसेंच बंदर चुकण्याचें. बोटीच्या तिकिटामागें जो बारीक अक्षरांतील करार असतो, त्यांत कप्तानाला हवामान, सुरक्षितता वगैरे कारणांनीं मार्ग बदलण्याचा आणि एखादें बंदर गाळण्याचा अधिकार बहुधा राखून ठेवलेला असतो. उतारूंनीं ज्या बंदरासाठीं पैसे मोजले तेंच दुरून दाखवून बोट पुढें जाऊं शकते, आणि कंपनी बंदराचा कर तेवढा परत करून मोकळी होते. नेहमींच्या प्रवास-विम्याला यांत कांहीं नुकसान दिसत नाहीं, कारण प्रवास झालेला असतो. सफरीचा विमा दर चुकलेल्या बंदरामागें कांहीं रक्कम देतो, आणि किनाऱ्यावरील सहलीचे पैसे आधीं भरले असल्यास तेहि. खास सफरीच्या विम्याचा नेहमींच्या विम्याहून खरा निराळेपणा म्हणावा तर तो या दोन-तीन कलमांतच आहे. आपल्याकडे कांहीं विमा-कंपन्या हीं कलमें नेहमींच्या परदेश-प्रवासाच्या विम्याला पुरवणी म्हणून जोडून देतात. दोन स्वतंत्र विमे विकत घेण्यापेक्षां अशी पुरवणी पुष्कळदां सोयीची पडते.

रद्द करण्याच्या कलमाविषयीं मोठा गैरसमज आहे. 'सफर रद्द केल्यास पैसे परत' एवढे शब्द वाचून गृहिणी निर्धास्त होते; पण कोणत्या कारणानें रद्द केल्यास, याची यादी खालीं असते. विमेदाराचा किंवा अगदीं जवळच्या नातलगाचा मृत्यु, इस्पितळांत दाखल व्हावें लागणें, अशीं कारणें त्यांत असतात. मुलाची परीक्षा त्याच तारखांना ठरली, चुलत सासऱ्यांचें वर्षश्राद्ध आलें, साहेबानें रजा नामंजूर केली, किंवा समुद्र खवळल्याचें ऐकून सासूबाईंनीं "मी नाहीं येत" म्हणून सांगितलें, हीं कारणें बहुधा त्यांत नसतात. अमेरिकेंत 'कोणत्याहि कारणानें' रद्द करण्याची मुभा देणारे विमे मिळतात. मात्र बोटीच्या कंपनीकडून घेतलेल्या अशा विम्यांत परतावा रोख न मिळतां पुढल्या सफरीसाठीं जमा म्हणून मिळण्याची रीत आहे. मनमाडहून एकदांच हौसेनें गेलेल्या माणसाला पुढल्या सफरीची जमा काय कामाची?

अमेरिकेचा उल्लेख आला, तर तिकडे मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांचीहि गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे, कारण मराठी कुटुंबांत समुद्राच्या सफरीचा योग हल्लीं पुष्कळदां तसाच येतो. आईबाबा नातवंडांसाठीं म्हणून चार-सहा महिने जातात, आणि मुलगा सुट्टींत त्यांना कॅरिबियन बेटांच्या किंवा अलास्काच्या सफरीला नेतो. आईवडिलांच्या नांवानें पाहुण्यांचा आरोग्य-विमा काढलेलाच आहे, तेव्हां निराळी काळजी नको, असें त्याला वाटतें. परंतु पाहुण्यांचे तिकडे मिळणारे कांहीं विमे मुख्यतः अमेरिकेच्या हद्दींतील उपचारांसाठीं असतात, आणि बोट तर तासाभरांतच ती हद्द सोडून जाते. भारतांतून निघतांना घेतलेला परदेश-प्रवासाचा विमा असेल तर त्यांत कोणते देश धरले आहेत, बोटीवरील उपचार चालतात कीं नाहीं, हें निघण्यापूर्वींच पाहून ठेवावें. एकदां देश सोडल्यावर तो विमा नव्यानें घेणें बहुतेक कंपन्यांकडे शक्य होत नाहीं. मुलानें आनंदानें आंखलेली सफर आईच्या आजारपणानें कर्जांत बुडावी, आणि त्याचा सल म्हाताऱ्या माणसाच्या मनांत कायमचा राहावा, यापेक्षां दहा मिनिटें कागद वाचणें सोपें.

आणखी एक धोका थोडक्यांत. कंपनीच बुडाली तर? जानेवारी २०२२ मध्यें सिंगापूर-हाँगकाँगकडील 'ड्रीम क्रूझेस' बोटी चालविणारी गेंटिंग हाँगकाँग ही कंपनी दिवाळ्यांत निघाली. अशा वेळीं बोटीच्या कंपनीनें स्वतः दिलेल्या विम्याकडून अपेक्षा ठेवण्यांत अर्थ नसतो. बुडणाऱ्याच्याच गळ्यांत हात टाकण्यासारखें तें आहे. तिऱ्हाईत कंपनीच्या विम्यांत दिवाळखोरीचें कलम असलें तरच उपयोग.

हें सर्व ध्यानांत घेतां मुंबई-गोव्याच्या दोन रात्रींच्या सफरीसाठीं तरुण, धडधाकट जोडप्यानें खास सफरीचा विमा न घेतला तरी चालण्यासारखें आहे. तिकिटाची रक्कम मर्यादित, दोन्ही टोकें आपल्या देशांत. रेल्वेचे पंचेचाळीस पैसे भरावे, आदल्या दिवशीं मुंबई गांठावी, आणि उरलेला धोका स्वतः सोसावा. ज्या नुकसानीनें घर हालत नाहीं तिचा विमा उतरणें ही चैन आहे. तीच सफर आजी-आजोबांना घेऊन असेल तर आजारपणाचें व रोग्याला हलविण्याचें कलम असलेला देशांतर्गत प्रवास-विमा घ्यावा, आणि मधल्या पाण्याचा खुलासा लेखी मागावा. सिंगापूर, कोलंबो, दुबई किंवा त्यापुढची सफर असेल तर नेहमींचा परदेश-प्रवासाचा विमा हा पाया धरावा, त्यांतील उपचारांची रक्कम भरपूर ठेवावी, आणि खोलींत कोंडलें जाण्याचें व बंदर चुकण्याचें कलम पुरवणी म्हणून मिळत असेल तर तें जोडावें. नुसता बोटीच्या कंपनीचा विमा घेऊन परदेशीं समुद्रावर जाणें हें मात्र कोणालाच सुचवितां येणार नाहीं. त्याचें मोल असतें तें मुख्यतः तिकिटाच्या पैशांपुरतें, आणि घर मोडतें तें इस्पितळाच्या बिलानें.

भरपाई मागण्याची वेळ आली म्हणजे सगळा भार कागदांवर पडतो. बोटीवरील डॉक्टरचा लेखी अहवाल आणि शिक्क्याची पावती उतरण्यापूर्वींच घ्यावी. बोट पुढल्या बंदराला गेल्यावर तीं मिळविणें दुरापास्त होतें. आजारपणांत किंवा रोग्याला हलवितांना विमा-कंपनीच्या मदतीच्या दूरध्वनीवर आधीं कळवावें, कारण तिच्या संमतीशिवाय मागविलेल्या हेलिकॉप्टरचे पैसे नाकारले जाऊं शकतात. कंपनीनें मागणी फेटाळली, किंवा लेखी तक्रारीला महिनाभरांत उत्तर दिलें नाहीं, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आंत अर्ज करतां येतो. त्याला फी नाहीं, वकीलहि लागत नाहीं, आणि पन्नास लाख रुपयांपर्यंतची मागणी तेथें चालते. गाडीच्या उशिरामुळें बोट हुकली असेल तर पुरावा मनमाडलाच गोळा करावा लागतो. गाडी चार तास उशिरानें धांवत असल्याची घोषणा फलाटावर सगळे ऐकतात, पण ती घोषणा विमा-कंपनीला पाठवितां येत नाहीं. स्टेशन-मास्तरच्या कचेरींत उशिराचा लेखी दाखला मागावा, वेळ दाखविणाऱ्या फलकाचें छायाचित्र घ्यावें, आणि तिकीट फाडून टाकूं नये.